दहा टक्के कशाचे, आणि कोणत्या महिन्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका गावाच्या पाणी समितीतला तरुण विचारतो: गावाच्या वरच्या अंगाला धरण व्हायचं आहे. अहवालात ‘पर्यावरणीय प्रवाहासाठी वार्षिक सरासरीच्या 10 टक्के पाणी राखीव’ एवढी एकच ओळ आहे (पर्यावरणीय प्रवाह म्हणजे नदी जिवंत राहावी म्हणून धरणाखाली सोडायचं पाणी). गावाखाली नदीत दोन कोंड, म्हणजे खोल डोह आहेत, सुट्टीत पोरं तिथे पोहतात. त्याखाली खाडी लागते, तिथे बायका मुळे आणि कालवं हे शिंपले काढतात. गावातले चार तरुण कयाक घेऊन पर्यटकांना फिरवायचं म्हणतायत. फेब्रुवारीत जनसुनावणी आहे. 10 टक्के पुरतील का? नसतील तर किती मागायचे, आणि कशाच्या आधारावर?

पुरतील की नाही हे मी सांगण्याआधी सुनावणीत तुम्हीच धरणवाल्यांना विचारा, की हे 10 टक्के कशाचे आणि कोणत्या महिन्यात सोडणार. मी 35 वर्षं कोकणातल्या नद्यांचं पाणी मोजतोय, आणि हा प्रश्न विचारायला मी उशिरा शिकलो. सुरुवातीच्या काळात एका प्रकल्पाच्या अहवालात ‘वार्षिक प्रवाहाच्या 10 टक्के’ हे शब्द मीच लिहिले होते. धरण झालं. काही वर्षांनी एप्रिलमध्ये खालच्या गावात गेलो, तर पात्रात नुसते तापलेले गोटे. एका खड्ड्यात हिरवं पाणी आणि त्यात तोंड वर काढून श्वास घेणारे चार मरळ मासे. चौकशी केली तेव्हा नोंदवही पुढे आली. जुलैत सांडव्यावरून गेलेलं पाणी 10 टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त भरत होतं. अहवालाची अट कागदावर पूर्ण झाली होती, आणि ती अट माझ्याच हातची होती.

तुमच्याच आकड्यांवर हे करून बघू. धरणाच्या जागेपर्यंतचं पाणलोट क्षेत्र तुम्ही 150 चौरस किलोमीटर लिहिलंय. पाऊस 3,500 मिलिमीटर धरा, त्यातला 70 टक्के वाहून नदीत येतो असं धरा. वर्षाला साधारण 367 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी झालं. त्याचे 10 टक्के म्हणजे 36.7 दलघमी. आता आपल्याकडे एका दिवसात 200 मिलिमीटर पाऊस पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तशा एका दिवसात या पाणलोटातून 20 ते 24 दलघमी पाणी खाली येतं. म्हणजे वर्षभराचा ‘राखीव वाटा’ अशा दोन दिवसांत खाडीला जाऊन मिळतो, आणि उरलेले 363 दिवस नदीचं काहीच देणं लागत नाही.

उलट बाजूनेही हीच गंमत होते. 367 दलघमी वर्षभर सारखं वाटलं तर सेकंदाला सुमारे 11,600 लिटर येतात, त्याचे 10 टक्के 1,160 लिटर. अशा नदीत मे महिन्यात सेकंदाला 100 ते 200 लिटर धावतं पाणी असलं तरी ती नदी चांगली म्हणायची. म्हणून तुम्ही बैठकीत ‘बारा महिने 10 टक्के द्या’ म्हणालात, तर समोरचा अभियंता म्हणेल की, अहो, निसर्ग देतो त्याच्या सहापट मागताय. तो खरंच बोलत असेल, आणि तुमचं बाकीचं म्हणणंही त्या एका वाक्यात बुडेल.

हा 10 टक्क्यांचा आकडा आला कुठून तेही माहीत असू द्या. टेनंट नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने 1976 मध्ये तिकडच्या मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का भागातल्या नद्या पाहून ढोबळ पट्ट्या ठरवल्या: सरासरीच्या 10 टक्क्यांवर जलचर कसेबसे तगतात, 30 टक्क्यांवर बरे जगतात, 60 टक्के म्हणजे उत्तम. त्या नद्या बर्फाच्या पाण्यावर चालतात. तरीही त्याने वर्षाचे दोन भाग पाडून वेगवेगळ्या पट्ट्या दिल्या होत्या. आपल्याकडे येईपर्यंत ते दोन भाग गळाले आणि नुसते 10 टक्के राहिले. ज्या प्रदेशात वर्षाचं जवळजवळ सगळं पाणी चार महिन्यांत येतं, तिथे वार्षिक सरासरी हा आकडाच कामाचा नाही.

आपल्या देशात महिनावार विचार झालेला आहे, त्याचा आधार घ्या. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्राने 9 ऑक्टोबर 2018 ला अधिसूचना काढली. तीत नोव्हेंबर ते मार्च मासिक सरासरीच्या 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत 25 टक्के, जून ते सप्टेंबर 30 टक्के, असा प्रवाह राखायला सांगितलंय. ती कोकणाला लागू नाही, हे तुम्हीच आधी सांगून टाका. पण ‘त्या त्या महिन्याच्या प्रवाहाचा वाटा’ हे तत्त्व सरकारने मान्य केलंय, एवढं ठामपणे म्हणता येतं. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट 2017 मध्ये सगळ्या राज्यांना नद्यांमध्ये कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान 15 ते 20 टक्के पाणी ठेवायला सांगितलं होतं. तिथेही आधार कोरड्या हंगामाचा आहे, वर्षाचा नाही. तुमचा मुद्दा तोच आहे.

माझा सल्ला असा की टक्के सोडा आणि नदीचं वेळापत्रक मागा. कोणत्या पंधरवड्यात, कोणत्या जागी, कशासाठी किती पाणी, असा तक्ता. तो करायला मोठी यंत्रणा लागत नाही. लागते एक दोरी, एक काठी, दोन मोसंबी आणि गावातली जुनी माणसं.

सुरुवात जूनपासून करा, कारण धरणामुळे सगळ्यात आधी मोडतो तो जून, आणि अहवालात त्याचं नावही नसतं. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर रात्री बत्त्या घेऊन लोक व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर जातात, चढणीच्या माशांसाठी. मळये, शिंगट्या, मरळ गढूळ पाण्यावर उलटे चढतात, व्हाळातून भातखाचरात शिरतात आणि तिथे अंडी घालतात. उत्तर कोकणात यालाच वलगण म्हणतात. माशाला कॅलेंडर कळत नाही. पाणी गढूळ होणं, गार होणं, एकदम वाढणं, ही त्याची खूण असते. आता धरण काय करतं? मे अखेरीस तळ गाठलेला जलाशय पहिले दोन-तीन पूर पूर्ण गिळतो. खाली जूनभर उन्हाळाच राहतो. जुलैत सांडवा वाहू लागतो तेव्हा माशांची वेळ निघून गेलेली असते. काही जीवांची येजा तर समुद्रापर्यंत असते. नदीतली वाम, सापासारखा लांब मासा, समुद्रात जन्मते आणि बोटाएवढी असताना नदी चढते. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लांना वाढायला खाडीचं मचूळ पाणी लागतं. या दोघांची वाट एकाच वेळी वरून आणि खालून तुटते.

इथे तुमच्या हातात फार पक्का हिशेब आहे. धरणाचा साठा 40 दलघमी आहे असं तुम्ही लिहिलंय. वर काढलेल्या हिशेबाने जुलैतल्या दोन मोठ्या पावसांत ते भरतं. मग जूनचे पहिले दोन पूर न अडवता जाऊ दिले तर धरणाचं नुकसान काय? काहीच नाही. ही मागणी लेखी करा: ‘पावसाळ्याच्या सुरुवातीचे पहिले दोन पूर मोरीतून खाली सोडावेत, साठवण त्यानंतर सुरू करावी.’ (मोरी म्हणजे धरणाच्या भिंतीतली पाणी सोडायची वाट.) पाऊस लांबलेल्या वर्षासाठी वेगळी तारीख ठरवता येईल, तेवढी लवचीकता तुम्हीच दाखवा.

जुलै-ऑगस्टबद्दल फार बोलायला नको. एवढ्या पाणलोटावर 40 दलघमीचं धरण त्या महिन्यांत नदीला फारसं कमी पडू देत नाही. फक्त ‘समुद्राला जाणारं पाणी वाया जातं’ हे वाक्य कोणी उच्चारलं, तर शांतपणे सांगा की कोंडातला गाळ तोच पूर काढतो, खाडीचं तोंड तोच उघडं ठेवतो आणि मासेमारी बंद असते त्या पावसाळी दिवसांत किनाऱ्याच्या माशांना खाद्यही तोच नेऊन देतो.

आता दोरीचं काम. फेब्रुवारी ते मे किती पाणी लागतं हे नदीच सांगते, आणि ते सांगण्याची तिची जागा म्हणजे दोन कोंडांमधला उथळ खळाळ. कोंड शेवटपर्यंत भरलेला दिसतो, त्यामुळे फसायला होतं. खळाळ आधी मरतो. पाण्यात हवा मिसळते ती तिथे, दगडाखालचे किडे असतात ते तिथे, आणि त्या किड्यांवर कोंडातले मासे जगतात. सावित्रीच्या खोऱ्यात महाडजवळ वाळण कोंडात देवाचे म्हणून राखलेले महसीर मासे आहेत, वैतरणेवर तिळसे इथेही आहेत. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मासा मारला नाही म्हणून ते टिकले. पण वरचा खळाळ आटला तर श्रद्धेचाही उपाय चालत नाही.

एक खळाळ निवडा आणि दोन्ही काठांवर न हलणारे खडक बघून तेलरंगाने खुणा करा. दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली दोरी ताणा. प्रत्येक गाठीखाली काठीने खोली मोजा, कोरडा दगड असेल तर शून्य लिहा. मग जरा सरळ, संथ भाग बघून 10 मीटर अंतर आखा आणि मोसंबं सोडा. नारळ नको, तो फार वर तरंगतो आणि वाऱ्याने भरकटतो. मोसंबं जवळजवळ बुडून चालतं. समजा 10 मीटरला 40 सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला पाव मीटर झाला. तळाचं पाणी दगडांना घासत हळू जातं म्हणून त्याला 0.8 ने गुणा, 0.2 आले. त्या भागाची रुंदी 6 मीटर आणि सरासरी खोली 25 सेंटिमीटर असेल तर काटछेद दीड चौरस मीटर. म्हणजे 0.3 घनमीटर, सेकंदाला 300 लिटर. मोसंबं किमान पाच वेळा सोडा आणि सरासरी घ्या.

हेच माप त्याच खुणांवर ऑक्टोबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत घ्या. प्रत्येक वेळी किती गाठींखाली पाणी होतं तेही लिहा. तुम्हाला असं दिसेल की पाणी 400 लिटरवरून 200 वर आलं तरी पात्राची ओली रुंदी फारशी घटत नाही, नुसती खोली उतरते. मग एका टप्प्याखाली रुंदी धाडकन कोसळते, मधले दगड उघडे पडतात आणि एका धारेच्या तीन बारीक धारा होतात. तो टप्पा 150 लिटरला येईल की 90 ला, हे प्रत्येक नदीचं वेगळं असतं. तोच तुमचा किमान आकडा. शास्त्रात या पद्धतीला ओल्या परिघाची पद्धत म्हणतात आणि ती जगभर चालते. धरणाचा अभियंता तिला गावठी म्हणून बाजूला सारू शकणार नाही.

समजा फेब्रुवारी ते मे या 120 दिवसांत सरासरी 250 लिटर सोडायचे ठरले. दिवसाला 21,600 घनमीटर, चार महिन्यांत सुमारे 2.6 दलघमी. अहवालाने कागदावर दिलेत 36.7. तुम्ही त्याच्या चौदाव्या हिश्शाएवढं पाणी मागताय, फक्त योग्य दिवसांत. सुनावणीत सगळ्यात आधी हीच तुलना मांडा, असं मी आग्रहाने सांगेन.

पण त्याआधी गावात एक अवघड बैठक घ्यावी लागेल. नदीकाठच्या आंबा-काजूच्या बागांना किती पंप लागलेत ते मोजा. 5 एचपीचा पंप 20 मीटर चढावर सेकंदाला साधारण 8-9 लिटर ओढतो. असे 20 पंप एकाच वेळी चालले तर 160 ते 180 लिटर, म्हणजे मे महिन्यातली अख्खी नदी. धरणाने पाणी सोडलं आणि ते पहिल्या दोन किलोमीटरमध्येच बागांत गेलं, तर तुमच्या खळाळाला काय मिळालं? पंप बंद करा असं मी म्हणत नाही. पाळ्या लावा, रात्री आठ तास नदी मोकळी ठेवा, आणि हा ठराव ग्रामसभेत आधी करून तो कागद सुनावणीला न्या. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी घालायचे आणि त्यातून किती पाणी झिरपू द्यायचं, हेही त्याच ठरावात घ्या.

खाडीचं गणित वेगळं आहे. पावसाळा संपला की खारं पाणी हळूहळू वर सरकतं, आणि नदीचं गोडं पाणी त्याला थोपवून धरतं. खारं पाणी जड, ते तळाने घुसतं, वर गोड्याचा थर राहतो. म्हणून काठावरून ओंजळ भरून चव बघितली तर फसाल. बाटलीला दगड बांधून तळाचं पाणी काढा आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने मोजा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरती टोकाला असताना मोजा, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत मोजून उपयोग नाही. काठच्या विहिरींचंही लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. आणि मुळे काढणाऱ्या बायकांना सोबत घ्या. एका खाडीत मी नकाशा पसरून बसलो होतो. एक आजी चिखलात उतरल्या, पायाच्या अंगठ्याने चाचपत गेल्या आणि तीन ठिकाणी काठ्या रोवून आल्या: आधी मुळे इथवर मिळायचे, मग तिथवर, आता पार वर. खारेपणाची सीमा किती सरकली ते त्या काठ्यांवरून मला पाच मिनिटांत कळलं. नंतर मीटरनेही तेच दाखवलं.

आता पोहणं आणि कयाक. करमणुकीसाठी पाणी मागायचं म्हटलं की लोक ओशाळतात, पिण्याला नाही तिथे हे कुठे, असं वाटतं. ओशाळू नका. कयाकखालून गेलेलं किंवा पोरांच्या अंगावरून गेलेलं पाणी संपत नाही, ते पुढे जातं. पाणी नियोजनात फक्त उपसलेल्या पाण्याचे रकाने असतात, हा खरा दोष. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 1973 मध्ये नदीत राहणाऱ्या पाण्यालाही कायदेशीर हक्क दिला आणि 2001 मध्ये कयाकिंगच्या जागांपुरता तसाच वेगळा हक्क मान्य केला. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण प्रकल्प अहवालात एक ओळ घालून घेता येते.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या मित्रांची कयाक खाडीच्या भागात चालणार असेल, तर तिच्यासाठी धरणाचं पाणी मागू नका. तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पुरतं. कयाक वरच्या पात्रात न्यायची असेल तरच आकडा काढा. एकच टप्पा, तीच माणसं, चार-पाच वेगवेगळ्या पातळ्यांना. प्रत्येक वेळी बूड किती ठिकाणी घासलं, किती वेळा उतरून ओढावी लागली, मजा आली का, भीती वाटली का, हे उतरल्या उतरल्या लिहून घ्या. त्यातून तीन आकडे निघतात: निभेल एवढं, चांगलं, आणि धोक्याचं.

कोंडासाठी खोलीपेक्षा पाणी बदलणं महत्त्वाचं. 30 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि सरासरी 2 मीटर खोल कोंडात 720 घनमीटर पाणी मावतं. 100 लिटरचा प्रवाह असेल तर तेवढं पाणी दोन तासांत येतं. 5 लिटरची धार राहिली तर 40 तास लागतात, आणि मे महिन्यात मुंबईहून आलेली 50 पोरं त्यात दिवसभर डुंबत असतात. स्नानाच्या पाण्याला विष्ठाजन्य जिवाणूंची कमाल मर्यादा 100 मिलिलिटरला 2,500 आहे आणि इष्ट मर्यादा 500. एप्रिल-मे महिन्यांत एकेकदा तपासून घ्या.

सोडलेल्या पाण्यावर खेळ कसा चालतो हे बघायला कोलाडला जाऊन या. कुंडलिकेवरचं राफ्टिंग वीजनिर्मितीच्या पाण्यावर चालतं. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीज केंद्रात उतरतं, 1927 पासून, आणि तिथून कुंडलिकेत येतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट उतरतात. वाशिष्ठीलाही कोयनेचं अवजल (वीज केल्यावर सोडलेलं पाणी) मिळतं, म्हणून ती उन्हाळ्यात वाहती दिसते. पण वीज केंद्राच्या तालावर नदी दिवसातून चढते-उतरते, तेव्हा काठच्या माणसाला त्याची वर्दी हवी. तुमच्या धरणावर वीजनिर्मिती असेल तर प्रवाह हळूहळू वाढवण्याची अट आणि दोन्ही कोंडांवर भोंगा, हे दोन्ही मागा. पाणी अचानक वाढलं तर पोहणाऱ्या पोराला काठ गाठायला किती वेळ मिळतो, तो वेळ घड्याळ लावून मोजा आणि निवेदनात लिहा.

यातलं काहीही प्रत्यक्षात यायचं असेल तर धरणाच्या नकाशात एक गोष्ट असावी लागते. नदीत पाणी सोडणारी वेगळी मोरी आहे का? अनेकदा फक्त कालव्याचा विमोचक (कालव्यात पाणी सोडायचं दार) असतो आणि मग इच्छा असूनही नदीत थेंब सोडता येत नाही. माहितीच्या अधिकारात पाणी उपलब्धता प्रमाणपत्र आणि धरणाचा काटछेद मागवा. मोरीवर किमान प्रवाहासाठी दरवाजा नसलेला कायम उघडा पाइप मागा, म्हणजे चावी कोणाच्याच हातात राहत नाही. पाणी अगदी तळातून काढू नये असंही म्हणा, उन्हाळ्यात जलाशयाच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू राहत नाही आणि ते खाली सोडलं तर मासे मरतात. खालच्या गावात पातळीची पट्टी लावून तिची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिण्याची तरतूदही हवी.

सुनावणी फेब्रुवारीत आहे, म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि जानेवारीची मापं तोवर हातात असतील. मार्च-मे महिन्यांची नसतील. त्यासाठी कोंडावर नेहमी पोहणाऱ्या दोन-तीन वयस्क माणसांना खळाळावर न्या आणि मे महिन्यात पाणी कुठवर असतं ते खडकावर दाखवायला सांगा. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, एकत्र नको. त्या खुणांचे फोटो जोडा, पण मे महिन्याचा रकाना अंदाजाने भरू नका. तो रिकामा ठेवा, शेजारी मोजणीची तारीख लिहा, आणि ते माप आल्याशिवाय प्रवाहाचा आकडा अंतिम करू नये ही मागणी सुनावणीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.